यंत्राचे तोंड आणि यंत्राचे पोट

कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास हैदराबादहून मेदक, निझामाबाद अथवा नलगोंड्याच्या दिशेने प्रवास करणाऱ्यास रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिकलेल्या भाताची पिवळी खाचरे दिसतात, आणि त्या खाचरांतून संथपणे फिरणारी कापणी-मळणीची अजस्र यंत्रेही दिसतात. चैत्र-वैशाखात उन्हाळी भाताच्या वेळी हेच दृश्य पुन्हा पाहावयास मिळते. विळ्याने कापणी, पेंढ्या बांधणे, खळ्यावर बैलांच्या पायांखाली मळणी आणि वाऱ्यावर उपणणी ही चार कामे पूर्वी घरातील सर्व माणसांना कित्येक दिवस पुरत. आता एकच यंत्र शेतात शिरते, पुढून उभे पीक घेते, मागून पेंढा टाकते आणि निवडलेले धान्य आपल्या टाकीत साठवते. शेतकरी त्याला ‘हार्वेस्टर’ म्हणतात. कापणी आणि मळणी ही कामे एकत्र करणारे म्हणून त्याचे मूळ नाव ‘कंबाईन हार्वेस्टर’ असे आहे.

हे यंत्र पाहताना सर्वांत प्रथम डोळ्यांत भरतो तो त्याचा पुढचा रुंद भाग. त्याला ‘हेडर’ म्हणतात. तो जितका रुंद तितके पीक एका फेरीत अधिक कापले जाणार. म्हणून सर्वांत रुंद हेडरचे यंत्र हेच सर्वांत चांगले, अशी समजूत होणे साहजिक आहे. परंतु ही समजूत अपुरी आहे आणि शेतकऱ्याला ती महागात पडते. हेडर हे यंत्राचे तोंड होय. तोंडाने घेतलेला घास पचविणारे पोट आत आहे. घास पोटाला झेपेल एवढाच असला पाहिजे. तोंडाचा आणि पोटाचा मेळ जमला नाही, तर हातातोंडाशी आलेले धान्य पुन्हा मातीत जाते. हा मेळ कसा घालतात, हे या लेखात पाहू. त्यासाठी शाळेत शिकलेल्या गुणाकार-भागाकारापलीकडे काही लागणार नाही.

प्रथम यंत्राच्या आत काय घडते ते समजून घेऊ. हेडरच्या वरच्या बाजूस एक आडवी फिरकी असते. ती पिकाला हळुवारपणे आत वाकविते. खाली कात्रीसारखे दात असलेले लांब पाते डावीकडून उजवीकडे व उजवीकडून डावीकडे वेगाने सरकत असते. ते पीक कापते. कापलेले पीक मळसूत्री आट्यांचा एक रूळ दोन्ही कडांकडून मध्यभागी आणतो आणि तेथून साखळीचा पट्टा ते वर ढकलतो. येथे यंत्राचे तोंड संपते व पोट सुरू होते. आत वेगाने फिरणारा ड्रम आणि त्याखाली जाळीदार अर्धगोल पत्रा असतो. या दोहोंच्या फटीत पीक घासले जाते, झोडपले जाते व दाणे सुटतात. बरेचसे दाणे जाळीतून तेथेच खाली पडतात. उरलेले दाणे पेंढ्यात अडकून पुढे जातात. पेंढा हलविणाऱ्या भागावर तो झटकला जातो आणि अडकलेले दाणे खाली गळतात. शेवटी चाळण्या आणि पंख्याचा वारा हे दोघे मिळून फोलपट उडवितात व स्वच्छ धान्य टाकीकडे पाठवितात. खळ्यावरची मळणी, झटकणी, उपणणी आणि चाळणी ही सर्व कामे येथे एका लोखंडी पेटीत मांडली आहेत, असे म्हटले तरी चालेल.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत मिशिगन प्रांतात हायरम मूर यांनी अशा यंत्राचे पेटंट १८३६ साली मिळविले. ते घोड्यांनी ओढावे लागे. ऑस्ट्रेलियात १८८० नंतरच्या दशकात ह्यू व्हिक्टर मकाय यांनी गव्हासाठी असेच यंत्र प्रचारात आणले. मॅसी-हॅरिस या कॅनडातील कंपनीने १९३८ साली स्वतःच्या इंजिनावर चालणारे यंत्र बाजारात आणले. परंतु ते फार जड व महाग ठरले आणि थोड्याच वर्षांत त्याच कंपनीला त्याहून हलके यंत्र काढावे लागले. भारतात राजस्थानातील सुरतगड येथे १९५६ साली सोव्हिएत संघाने दिलेल्या यंत्रसामग्रीवर मोठे सरकारी यांत्रिक शेत उभे राहिले. पंजाबात ‘स्वराज’ या नावाचे स्वदेशी बनावटीचे हार्वेस्टर १९८० साली तयार झाले. आज तेलंगणात व मराठवाड्यात फिरणारी कित्येक यंत्रे आणि त्यांचे चालक पंजाबातूनच हंगामामागे हंगाम गाठीत येतात.

आता मुख्य विषयाकडे वळू. यंत्राच्या पोटात दर तासाला किती माल जातो, हे तीन गोष्टींवर अवलंबून असते: हेडरची रुंदी, यंत्राचा वेग आणि शेतात उभ्या असलेल्या पिकाची घनता. या तिहींचा गुणाकार म्हणजे यंत्रावरचा भार. त्यांपैकी एक वाढली की भार वाढतो. भार कायम ठेवावयाचा असेल, तर एक वाढली की दुसरी कमी केली पाहिजे.

येथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी. पोटाला केवळ दाण्यांचा भार होत नाही. खरा भार पेंढ्याचा असतो. दाणे जड व गुळगुळीत असतात. ते लवकर खाली निसटतात. पेंढा मात्र सबंध यंत्रातून या टोकापासून त्या टोकापर्यंत वाहून न्यावा लागतो. म्हणून पिकाचे माप काढताना दाणे व पेंढा दोन्ही धरावे लागतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, भाताचे पीक हेक्टरी ६ टन दाणे देणारे आहे. म्हणजे एकरी सुमारे २४ क्विंटल. त्याच्याबरोबर तितकाच पेंढा कापला जातो असे धरू. तेव्हा हेक्टरी १२ टन माल यंत्रात शिरणार. आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्या मोठ्या यंत्राचा हेडर १४ फुटांचा, म्हणजे सुमारे सव्वाचार मीटरचा असतो. प्रत्येक फेरीत थोडा भाग आधीच्या कापलेल्या पट्ट्यावर जातो, म्हणून प्रत्यक्षात ४ मीटर धरू. यंत्र ताशी ३ किलोमीटर वेगाने चालले, तर एका तासात ३००० गुणिले ४, म्हणजे १२,००० चौरस मीटर अथवा १.२ हेक्टर क्षेत्र कापले जाईल. त्यातून १.२ गुणिले १२, म्हणजे १४.४ टन माल तासाला आत जाईल.

आता समजा, या ओलसर व चिवट पेंढ्याच्या भातात यंत्राचे पोट तासाला १० टनच नीट पचवू शकते. हा आकडा प्रत्येक यंत्राचा वेगळा असतो. तो इंजिनाच्या शक्तीवर, ड्रमच्या व चाळण्यांच्या आकारावर आणि पिकाच्या ओलाव्यावर ठरतो. येथे आपण तो केवळ हिशेबासाठी घेतला आहे. मग १४.४ टन देणे म्हणजे जवळजवळ दीडपट जेवण वाढण्यासारखे झाले. यावर दोन उपाय आहेत. वेग तोच ठेवावयाचा असेल तर हेडर २.८ मीटरच्या आसपास असावयास हवा. हेडर तोच असेल तर वेग ताशी २.१ किलोमीटरवर आणला पाहिजे. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते.

अधिक माल दिल्याने बिघडते तरी काय? यंत्र लगेच बंद पडत नाही, आणि हीच खरी अडचण आहे. भार हळूहळू वाढवीत नेला, तर प्रारंभी वाया जाणाऱ्या दाण्यांचे प्रमाण अगदी थोडे-थोडे वाढते. परंतु एका मर्यादेनंतर ते एकाएकी चढू लागते. कारण पेंढ्याचा थर इतका जाड होतो, की त्यात अडकलेल्या दाण्यांना खाली गळण्यास वाटच मिळत नाही. जाड गोधडीवर तांदूळ पसरून ती झटकली, तर तिच्या घड्यांत दाणे जसे अडकून राहतात, तसेच हे होय. असे दाणे पेंढ्याबरोबर मागून शेतात पडतात. आवाजावरून अथवा चालीवरून चालकाला याचा पत्ता लागत नाही. तोंड आनंदाने खात असते. नुकसान मागे होत असते.

याच्या उलट, पोटाला फार थोडा माल मिळाला तरी दोष उत्पन्न होतो. ड्रममध्ये पुरेसे पीक असले, म्हणजे पीकच पिकाला घासते आणि दाण्यांना पेंढ्याची गादी मिळते. माल विरळ झाला की दाणे थेट लोखंडावर आपटून फुटू लागतात. चाळणीवर पातळ थर पडल्यामुळे पंख्याचा वारा हलके दाणेही उडवून नेतो. शिवाय इंजिन तेवढेच तेल जाळते आणि भाड्याचे तास वाढतात. सारांश, तोंड पोटापेक्षा मोठे नको, तसेच लहानही नको.

एकच यंत्र एका शेतात खादाड व दुसऱ्या शेतात उपाशी कसे ठरते, हे समजण्यास मांजरा नदीचे उदाहरण सोयीचे आहे. ही नदी बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, धाराशिव व लातूर जिल्ह्यांच्या काळ्या जमिनीतून वाहते आणि बिदरवरून तेलंगणात येते. येथे तिला मंजीरा म्हणतात. हैदराबादकरांनी अनेक वर्षे तिचे पाणी प्यालेले आहे. १९२३ ते १९३१ या काळात तिच्यावर निझामसागर धरण बांधले गेले आणि निझामाबादकडच्या हजारो एकर जमिनीत भात डोलू लागला. एकाच नदीच्या काठी अशा रीतीने दोन प्रकारची शेती आहे: खालच्या बाजूस पाटाच्या पाण्यावरचा दाट भात आणि वरच्या बाजूस काळ्या जमिनीतील ओलीवर वाढणारा हरभरा.

वरच्या भागातील हरभरा हेक्टरी दीड टन आला आणि त्याच्याबरोबर दोन टन काड आले असे धरू. एकूण साडेतीन टन. तेच १४ फुटी यंत्र त्याच ३ किलोमीटर वेगाने चालले, तर तासाला १.२ गुणिले ३.५, म्हणजे ४.२ टन मालच आत जाईल. पचनशक्ती तीच १० टनांची धरली, तर यंत्र अर्ध्याहून अधिक रिकामे चालेल. वेग वाढवून ते भरावयाचे म्हटले, तर तो ताशी ७ किलोमीटरच्या पुढे न्यावा लागेल. परंतु ढेकळांच्या रानात, जमिनीलगत लागलेले घाटे कापताना एवढा वेग चालत नाही. पाते पीक कापण्याऐवजी ओढू लागते आणि वाळलेले घाटे झडतात. रुंदी वाढवून भरावयाचे म्हटले, तर साडेनऊ मीटरचा हेडर लागेल.

हा आकडा वाचून हसू येईल. परंतु ऑस्ट्रेलियातील कोरडवाहू गव्हाच्या विस्तीर्ण सपाट रानांत १२ मीटर रुंदीचे हेडर सर्रास वापरले जातात. तेथे गव्हाचे पीक विरळ असते, म्हणून पोट भरण्यास तोंड रुंद करावे लागते. पश्चिम युरोपात गव्हाचे पीक त्याच्या कित्येक पट दाट असते. तेथे तितक्याच ताकदीच्या यंत्राला पुष्कळदा त्याहून अरुंद हेडर लावतात. दोन्ही ठिकाणचे शेतकरी आपापल्या परीने शहाणे आहेत. पीक बदलले की गुणाकारातील एक संख्या बदलते. बाकीच्या दोन तिच्या मागून चालल्या पाहिजेत.

मग लातूरच्या हरभऱ्यासाठी साडेनऊ मीटरचा हेडर का आणीत नाहीत? कारण गणितात अद्याप जमीन आलेली नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार तेलंगणात शेतकऱ्याची सरासरी धारणा अवघी १ हेक्टर आहे. सबंध भारताची १.०८ हेक्टर. तीही अनेक तुकड्यांत वाटलेली असते. मधे बांध, विहिरी, पाट आणि कडुलिंबाची झाडे असतात. वाटा अरुंद असतात. १४ फुटी हेडरसुद्धा रस्त्याने नेताना काढून वेगळ्या गाड्यावर यंत्रामागे ओढून न्यावा लागतो. शिवाय रान उंचसखल असेल, तर रुंद हेडरचे एक टोक मातीत घुसते आणि दुसरे अधांतरी राहते. जमिनीलगतच्या घाट्यांचे पीक अशा वेळी उभेच मागे राहते.

भाताच्या खाचरात तर चिखल असतो. तेथे जड यंत्राची चाके रुततात. म्हणून रबरी पट्ट्यांवर चालणारी, सुमारे २ मीटर रुंदीच्या हेडरची लहान यंत्रे अशा खाचरांत वापरतात. त्यांचे इंजिन लहान, पोट लहान आणि तोंडही लहान. तिन्ही गोष्टी एकमेकींच्या मापाच्या. लहान यंत्र म्हणजे कमी प्रतीचे यंत्र, असे मानण्याचे काहीच कारण नाही.

किंबहुना लहान शेतात मोठ्या तोंडाचा लाभ वाटतो तेवढा होतच नाही. १०० मीटर लांब व ४० मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ एक एकराचे खाचर घ्या. प्रत्यक्ष ४ मीटर कापणाऱ्या यंत्राला त्यात १० फेऱ्या कराव्या लागतील. भात दाट असल्याने ते ताशी २ किलोमीटर वेगाने चालले, तर एका फेरीला ३ मिनिटे, म्हणजे एकूण ३० मिनिटे लागतील. प्रत्येक वळणाला अर्धा मिनिट धरला तर आणखी ५ मिनिटे, एकूण ३५. प्रत्यक्ष २ मीटर कापणारे चपळ यंत्र ताशी ३ किलोमीटर वेगाने गेले, तर एका फेरीला २ मिनिटे, २० फेऱ्यांना ४० मिनिटे आणि वळणांना प्रत्येकी २० सेकंदांप्रमाणे सुमारे ७ मिनिटे, एकूण ४७. तोंड निम्मे झाले, तरी वेळ दुप्पट झाला नाही. तो केवळ एक-तृतीयांशाने वाढला. त्या बदल्यात खाचर कमी तुडविले गेले व बांध शाबूत राहिले.

आता शेतकऱ्याच्या खिशाशी याचा संबंध कसा येतो ते पाहू. यंत्र बहुधा तासाच्या भाड्याने येते. घड्याळ चालू असते, आकाशात ढग असतात, उन्हाळी भाताच्या वेळी अवकाळी पावसाची व गारांची भीती असते, आणि शेजारचे चार शेतकरी यंत्राची वाट पाहत बांधावर उभे असतात. अशा वेळी शेतकरी स्वतःच चालकाला ‘लवकर आटपा’ म्हणतो. भाडे एकरावर ठरले असेल, तर चालकालाच घाई असते. दोन्ही परींनी वेग वाढतो. वाचलेली मिनिटे सर्वांना दिसतात; पेंढ्याखाली पडलेले दाणे कोणाला दिसत नाहीत.

ते दिसावेत म्हणून एक सोपा प्रयोग आहे. विज्ञानाच्या तासाला शिकविलेले क्षेत्रफळ येथे कामी येईल. प्रत्येक बाजू आतून सुमारे ३२ सेंटीमीटर असलेली लाकडी चौकट करावी. तिचे क्षेत्रफळ एका चौरस मीटरचा दहावा भाग होते. यंत्र पुढे गेल्यावर त्याच्या मागे पडलेल्या पेंढ्याच्या पट्ट्यावर ती ठेवावी, पेंढा हळूच झटकून बाजूला करावा आणि चौकटीतील दाणे मोजावेत. मग तीच चौकट दोन पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत ठेवून तेथील दाणे मोजावेत व ते पहिल्या संख्येतून वजा करावेत. कारण ते कापणीपूर्वी झडलेले अथवा हेडरने सांडलेले असतात. उरलेले दाणे पोटातून निसटलेले होत. असे चार-पाच ठिकाणी करून सरासरी काढावी.

समजा, ही सरासरी ३०० दाणे आली. म्हणजे पेंढ्याखाली चौरस मीटरला ३००० दाणे झाले. हा आकडा पाहून एकदम घाबरून जाऊ नये. हेडर ४.२ मीटरचा आहे आणि पेंढ्याचा पट्टा १.४ मीटरचा, म्हणजे तीन पट रुंदीच्या पिकातून निसटलेले दाणे एका पटीत गोळा झाले आहेत. म्हणून तीनने भागले पाहिजे. सबंध शेताची सरासरी चौरस मीटरला १००० दाणे येते. या प्रदेशात आवडीने पिकविल्या जाणाऱ्या सांबा मसुरी या बारीक भाताच्या १००० दाण्यांचे वजन सुमारे १४ ते १५ ग्रॅम भरते. साडेचौदा ग्रॅम धरले, तर हेक्टरच्या १०,००० चौरस मीटरांत १४५ किलो आणि एकरात सुमारे ५८ किलो भात वाया गेला. हेडर जितका रुंद तितके हे दाणे दाटीने एका पट्ट्यात पडतात व उरलेले शेत निर्मळ दिसते. म्हणूनच बांधावरून पाहणाऱ्याची फसगत होते.

याची किंमत करू. २०२४-२५ च्या खरीप हंगामात साधारण प्रतीच्या भाताचा आधारभूत भाव क्विंटलला २३०० रुपये होता. त्या भावाने ५८ किलोंचे १३०० रुपयांहून अधिक होतात. सगळेच नुकसान टळत नाही, हे खरे. समजा, वेग उतरवून त्यातले निम्मे टळले. म्हणजे साडेसहाशे रुपये वाचले. आता वेग ताशी ३ किलोमीटरवरून २.१ किलोमीटरवर आणल्याने एक एकर कापण्यास सुमारे ९ मिनिटे अधिक लागतात. भाडे ताशी ३००० रुपये धरले, तर त्या ९ मिनिटांचे ४५० रुपये होतात. सावकाश चालणेच लाभाचे ठरले. भाडे व भाव गावोगाव वेगळे असतात. ज्याने त्याने आपले आकडे घालून हा हिशेब पाहावा.

वेग कमी करताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे लागते. इंजिनाचे फेरे कमी करून यंत्र सावकाश चालवू नये. ड्रम, चाळण्या व पंखा हे सर्व त्याच इंजिनावर फिरतात. इंजिन मंदावले की तेही मंदावतात आणि पचनशक्तीच घटते. इंजिन पूर्ण वेगात ठेवून चाकांची गती तेवढी गिअरने उतरवावी. पीक आडवे पडले असेल तर ते ज्या दिशेस कलले असेल तिच्या समोरून, अधिकच सावकाश जावे. सकाळच्या दवात पेंढा चिवट असतो; ऊन चढेपर्यंत थांबले तर त्याच यंत्राचे पोट अधिक माल पचविते.

आणखी एक उपाय हेडरच्या उंचीत आहे. पीक थोडे वरून कापले, तर दाणे तितकेच येतात. पेंढा मात्र कमी शिरतो आणि भार हलका होतो. इंग्लंडमधील सिल्सो येथील संशोधकांनी १९८० नंतरच्या दशकात तर ताट उभेच ठेवून केवळ लोंबीतील दाणे ओरबाडून घेणारा हेडर तयार केला. अर्थात उंच कापले की शेतात धसकटे अधिक राहतात आणि गुरांच्या वैरणीसाठी पेंढा कमी मिळतो. ज्याच्या दावणीला म्हशी आहेत, त्याने हा विचार अवश्य करावा.

यंत्राला पिकाच्या मापाचे करण्याचे हे उपाय झाले. पिकालाही यंत्राच्या मापाचे करता येते, आणि हे काम आपल्या शहराच्या वेशीवरच चालते. पाटनचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेत हरभऱ्यावर संशोधन होते. जुन्या वाणांची झाडे बुटकी व पसरट असतात. हेडर जमिनीला टेकविल्याशिवाय खालचे घाटे हाती लागत नाहीत. या संस्थेच्या आणि राज्यांच्या कृषी विद्यापीठांच्या सहकार्यातून उंच, सरळ वाढणारे व घाटे वरच्या बाजूस धरणारे वाण निघाले. आंध्र प्रदेशातील ‘एनबीईजी ४७’ आणि महाराष्ट्रात राहुरीच्या विद्यापीठाने दिलेला ‘फुले विक्रम’ हे त्यांपैकी होत. भाताच्या बाबतीत राजेंद्रनगर येथे १९६५ पासून अखिल भारतीय पातळीवरचे संशोधन चालू आहे. न लोळणारे, एकदम पिकणारे वाण मिळाले, की यंत्राचे निम्मे काम सोपे होते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कित्येकांची घरे शहरात असली, तरी शेते अद्याप नांदेड, लातूर, बिदर अथवा निझामाबादकडे असतील आणि सुट्टीत तुम्ही तेथे जात असाल. पुढच्या हंगामात यंत्र शेतात आले, तर त्याच्या रुंद तोंडाकडे पाहून झाल्यावर त्याच्या मागे जा, एक लाकडी चौकट बरोबर घ्या आणि पेंढ्याखालचे दाणे मोजा. जो आकडा येईल तो घरातील वडीलधाऱ्यांना दाखवा आणि पुढच्या फेरीला यंत्र थोडे सावकाश घेण्याची विनंती करून पुन्हा मोजा. पूर्वी कापणीनंतर गोरगरीब शेतात सरवा वेचीत. त्यांच्या हाती पडलेला दाणा निदान कोणाच्या तरी मुखी लागे. पेंढ्याखाली दडलेला दाणा तेथेच कुजतो. ज्याने चार महिने चिखलात उभे राहून तो पिकविला, त्याच्या कणगीत तो पोहोचावा म्हणून यंत्राचे तोंड, वेग आणि पोट यांचा गुणाकार एकदा कागदावर मांडून पाहणे हे काही फार मोठे कष्ट नव्हेत.